वकिलातीत आईची नोंद

माणसाचं नाव कुठेही लिहून घेतलं जाताना दिसलं की ते पुढे कुठे जातं, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. दवाखान्यात केसपेपर काढताना, लग्नात आहेर लिहिताना, सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टर पुढे करतो तेव्हा. आम्ही चाळीत राहायचो तेव्हा जनगणनेची बाई आली होती. मी तिच्या मागे मागे नळापर्यंत गेले आणि "आता हे सगळं कोण वाचणार?" असं विचारून तिला भंडावून सोडलं. "या पोरीला एक उत्तर दिलं की त्याला चार प्रश्न फुटतात," असं आई म्हणायची. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. प्रश्न विचारणाऱ्या मुलांचं तिला शाळेत कौतुक असायचं आणि घरात वैताग.

नोकरीही मला नेमकी नोंदींचीच लागली. ठाण्यात जमिनीच्या मोजणीच्या कार्यालयात मी बसते. तिथे इतकी वर्षं काढून एक गोष्ट कळली आहे की नोंद एकदा झाली की कपाटात जाऊन पडते, आणि भावाभावांत भांडण लागल्याशिवाय तिच्यावरची धूळ कुणी झटकत नाही. त्यामुळे परदेशी जाणाऱ्या माणसाला तिथल्या आपल्या वकिलातीत आधीच नाव नोंदवून ठेवता येतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. म्हणजे तिथेही एक कपाट असणार. पण ते कोण उघडत असेल, आणि केव्हा, हे जाणून घेतल्याशिवाय मला चैन पडेना.

निमित्त झालं आईच्या प्रवासाचं.

आई-बाबा शहाडला राहतात. त्यांच्या वस्तीतल्या विहारात बायकांचं मंडळ आहे. त्या मंडळाने श्रीलंकेला जायचं काढलं. तिथे अनुराधपूरला एक बोधिवृक्ष आहे. सम्राटाच्या लेकीने इथून समुद्रापार नेलेल्या फांदीपासून तो वाढला, ही गोष्ट आईने शाळेत कितीतरी वर्गांना सांगितली होती. मलाही सांगितली होती, आणि बोटीत त्या फांदीला पाणी कोण घालायचं, असं मी विचारलं होतं. आईला ते झाड एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. विहारात विचारणा झाली तेव्हा तिने बसल्या जागेवरून हात वर केला. घरी येऊन सांगायचं मात्र तिने पुढे ढकललं. बाबांना ते सकाळी फिरताना कळलं, मंडळातल्या दुसऱ्याच बाईच्या नवऱ्याकडून.

झालं, दोघांचा अबोला सुरू झाला.

आमच्या घरातला अबोला म्हणजे काही आदळआपट नव्हे. चहा वेळेवर होतो, ताट वाढलं जातं, संध्याकाळची मालिका शेजारी शेजारी बसून बघितली जाते. फक्त बोलणं तिसऱ्या माणसामार्फत होतं. ते तिसरं माणूस म्हणजे मी. मी ठाण्यात राहते आणि सुट्टीच्या दिवशी शहाडला जाते. मी नसेन तेव्हा दोघंही हवेत बोलतात. "कुणाला चहा हवा असेल तर ठेवलाय." "कुणीतरी गॅस बंद केला नाही वाटतं." आणि अबोला कितीही कडक असला तरी एक काम बाबांनी कधी सोडलं नाही. आईच्या गोळ्या तेच काढतात. तिला हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे, साखर आहे, त्यात आणखी थायरॉइड. गोळ्यांची नावं तिला ठाऊक नाहीत. सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी, एवढंच तिला माहीत. बाबा शहाडच्याच कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्तीनंतर त्यांची सगळी शिस्त आईच्या गोळ्यांच्या डबीत जाऊन बसली आहे.

मी गेले त्या रविवारी बाबा मला म्हणाले, "तिला विचार, बुद्ध कुठला? इथलाच ना? इथनंच तिकडे गेला ना धम्म? मग बघायला तिकडे कशाला जायचं?"

आई आतून म्हणाली, "त्यांना सांग, तिकडे झाड आहे."

"झाड तर बिहारलापण आहे म्हणावं."

"मग बिहारला तरी कधी नेलं, विचार."

मी मध्ये बसून कांदेपोहे खात होते. निरोप पोचवायची गरजच नव्हती, दोघांनाही चांगलं ऐकू येतं.

पोहे झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि आईला शेजारी बसवलं. म्हटलं, वकिलातीत तुझं नाव घालून ठेवू. श्रीलंकेत तिला वकिलात न म्हणता उच्चायुक्तालय म्हणतात. असं का, हे शोधण्यात आदल्या दिवशी माझी सबंध संध्याकाळ गेली होती. इंग्रजांच्या जुन्या राजवटीखालचे देश एकमेकांकडे राजदूत न पाठवता उच्चायुक्त पाठवतात, असं काहीतरी निघालं. मी ते आईला उत्साहाने सांगितलं. तिने चष्मा पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या गोष्टीतली ती सम्राटाची लेक गेली, तिने कुठे नाव घातलेलं गं?"

बाबा पेपरमागे होते. पेपरमागून आवाज आला, "कुणीतरी पासपोर्टचा नंबर ऑनलाइन टाकतंय वाटतं. मग बसा रडत."

बाबांच्या या भीतीला कारण होतं. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर पोलिसांचं व्याख्यान झालं होतं. फोनवर फसवणारे कसे असतात, साहेब बनून कसे बोलतात, "तुमचा माणूस आमच्या ताब्यात आहे" म्हणून कसं घाबरवतात, आता तर घरच्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल कशी काढतात. ते ऐकून आल्यापासून बाबा कट्ट्याचे अघोषित फौजदार झाले होते. कुणाचा फोन वाजला की आधी नंबर मला दाखवा म्हणायचे. अनोळखी माणूस फोनवर सरकारी भाषा बोलायला लागला की तो चोरच, अशी त्यांची खात्री झाली होती. आणि खरं सांगायचं तर आजकाल दहात नऊ वेळा ती बरोबरच ठरते.

नोंदीत सगळ्यात अडलं ते हॉटेलच्या पत्त्यावर. सहलीच्या पत्रकात हॉटेलच्या नावापुढे "किंवा तत्सम" असं लिहिलं होतं. मी आयोजकाला फोन लावला. म्हटलं, दादा, मला नेमकं हॉटेल सांगा, वकिलातीला कळवायचंय. तो दचकलाच. "ताई, काही प्रॉब्लेम झालाय का? आपलं हॉटेल चांगलंच असतं. आणि वकिलातीला कशाला? मी आहे ना!" तो आहे हे मला मान्य होतं, पण तो नसला तर काय, एवढंच मला बघायचं होतं. शेवटी त्याने एक नाव दिलं. आता यातलं "तत्सम" काढू ना, असं मी विचारलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "राहू द्या, ताई, असू द्या."

मग आला तातडीच्या वेळी भारतात कुणाला कळवायचं हा रकाना. मी स्वतःचा नंबर टाकायला लागले.

"ह्यांचा टाक," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तीन आठवड्यांत या माणसाशी ती एक शब्द सरळ बोलली नव्हती. "अगं, मी फोन उचलते तरी. बाबा अनोळखी नंबर बघितला की कापतात."

"ह्यांचाच टाक. मला काही झालं तर तुला काय माहितीये माझं?"

हे मला लागलं. पण पेपर एकदम हलायचा थांबला होता. मी बाबांचा नंबर टाकला. मंडळातल्या बाकी कुठल्या बाईने अशी नोंद केली नाही. माझी चौकशी ऐकून त्या सगळ्या आईला म्हणाल्या, तुझी लेक काय तुला लढाईवर पाठवतेय का?

आई निघाली त्या दिवशी मला रजा मिळाली नाही. मंडळाची गाडी पहाटे शहाडहून परस्पर विमानतळावर जाणार होती, त्यामुळे घरातून निघताना काय झालं ते मी पाहिलं नाही. विमानतळावरून आईने फोटो पाठवला. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत, एकीच्याही चेहऱ्यावर हसू नाही, कारण फोटोत हसायचं नसतं अशी त्या पिढीची समजूत. मग रोज हॉटेलच्या वायफायवरून फोटो यायला लागले. समुद्र. हत्ती. कापलेला अननस. ती बाबांना फोटो पाठवत नव्हती. मला पाठवायची आणि खाली लिहायची, "घरी दाखव." मी ते बाबांना पाठवायचे. बाबा अंगठासुद्धा दाखवायचे नाहीत, पण निळ्या खुणा लगेच उमटायच्या.

अनुराधपूरला पोचल्या त्या दिवशी मात्र एकही फोटो आला नाही. तिकडे दोन दिवस पाऊस आहे, काही रस्ते बंद पडताहेत, हे बातम्यांत होतं. म्हटलं, वायफाय गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला. आवाजात विजय होता.

"आज एकाला असा झापलाय ना! सकाळी फोन आलेला. हिंदीत बोलत होता, एकदम साहेबासारखा. म्हणे वकिलातीतून बोलतोय. म्हणे तुमची पत्नी आमच्या संपर्कात आहे, तुम्हाला थोडी माहिती विचारायची आहे. मी म्हटलं, बेटा, मैं व्याख्यान सुनके आया हूँ. तो परत करायला लागला, मी नंबर ब्लॉक केला. कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं. टाळ्या वाजवल्या लोकांनी."

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. "बाबा, नंबर कसला होता? सुरुवातीला काय होतं?"

"चौऱ्याण्णव. आपलं एक्क्याण्णव असतं. तिथंच मी ओळखलं."

चौऱ्याण्णव म्हणजे श्रीलंका, हे मला नोंद करताना पाठ झालं होतं. मी बाबांना काही न सांगता फोन ठेवला आणि संकेतस्थळावरचा वकिलातीचा नंबर फिरवला. लागत नव्हता. पावसामुळे सगळ्यांचीच माणसं अडकली असणार. फिरवत राहिले. शेवटी लागला तेव्हा आईचं नाव सांगितल्यावर पलीकडच्या बाईने मला थांबवलं आणि एका अधिकाऱ्याकडे फोन दिला. आवाजावरून तरुण वाटला, आणि थकलेला.

"मैडम, सुबह से आपके पिताजी को ट्राय कर रहा हूँ," तो म्हणाला.

त्याने सांगितलं आणि नंतर आईने सांगितलं, ते दोन्ही मिळून असं झालं होतं. बोधिवृक्षाच्या पायऱ्यांवर चपला काढून जावं लागतं. दगड पावसाने ओले होते. आई तिथे घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. फोन हातातून पडून पायऱ्यांवर फुटला. बाकीच्या बायकांना घेऊन आयोजकाला पुढे निघावं लागलं, कारण रस्ता बंद व्हायच्या बेतात होता. तिथला गाइड आईला इस्पितळात घेऊन गेला. पुढे गेलेल्या बसशी कुणाचाच संपर्क होत नव्हता. आईला नवऱ्याचा मोबाइल नंबर पाठ नव्हता, लेकीचाही नव्हता. पाठ होता तो चाळीतल्या आमच्या जुन्या लँडलाइनचा, आणि तो तिने इस्पितळात तीन जणांना सांगितला होता. तो बंद होऊन किती वर्षं झाली असतील! आपण सगळेच आता असे झालो आहोत, म्हणून मला तिला हसवेना.

इस्पितळाने वकिलातीला कळवलं. आईच्या कमरेच्या पिशवीत पासपोर्ट होता. त्याचा नंबर अधिकाऱ्याने यंत्रात घातला आणि आमची नोंद वर आली, बाबांच्या नंबरासकट. "बहुत कम लोग भरते हैं, मैडम," तो म्हणाला. कपाट कोण उघडतं याचं उत्तर मला असं मिळालं, आणि त्या क्षणी मला त्यात काडीचाही रस नव्हता.

"ऑपरेशन करना है," तो पुढे म्हणाला. "पर डॉक्टर को दवाइयों के नाम चाहिए. खून पतला करने वाली गोली चल रही है क्या, कौन सी, कितनी. उनके पास पुड़ियाँ हैं, पर पुड़ियों पर नाम नहीं है. सिर्फ वार लिखे हैं."

पुड्या! मी कपाळाला हात लावला. बाबांनी आईचा प्रवास सोपा करायला सगळ्या पट्ट्यांमधून गोळ्या कापून, सोडवून, कागदाच्या पुड्या बांधून दिल्या होत्या. प्रत्येक पुडीवर सुवाच्य अक्षरात "सोमवार सकाळ", "सोमवार रात्र". चिठ्ठ्यांची फाइल प्रवासात भिजायला नको म्हणून घरी ठेवून घेतली होती. इतक्या काळजीने बांधलेल्या त्या पुड्या अनुराधपूरच्या डॉक्टरांपुढे मुक्या पडल्या होत्या. आणि आईने बाबांचाच नंबर का टाकायला लावला, तेही मला तेव्हा कळलं. तिच्याबद्दल जे कळायला हवं ते मला खरंच माहीत नव्हतं.

मी अधिकाऱ्याला म्हटलं, मी घरी जाते आणि तिथून फोन करते. त्याने स्वतःचा मोबाइल नंबर दिला. मग मी बाबांना फोन करून सांगायला लागले. आई पडली आहे, फोन खरा होता, फाइल काढा आणि गोळ्यांची नावं वाचून दाखवा.

मग बाबांनी विचारलं, "कोण बोलतंय?"

"बाबा, मी बोलतेय!"

"आवाज तिचाच काढलाय, नंबरपण तिचाच दाखवताय. पण मघाशी माझ्या पोरीशी मी बोललो तेव्हा ती काही बोलली नाही यातलं." आणि फोन कट.

मला रडू यावं की ओरडावं ते कळेना. साहेबांना सांगून मी निघाले, लोकलने कल्याण, तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, दादा, जरा लवकर. वाटेत शहाडचा रेल्वेपूल लागतो, तिथे ट्रॅफिक थांबलं तेव्हा मी माझ्याच बाबांना मनातल्या मनात जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं.

घरी पोचले तर बाबा आरामखुर्चीत बसले होते, मांडीवर चिठ्ठ्यांची फाइल. म्हणजे काढून ठेवली होती. मला दारात बघून ते उठले, खात्री केल्यासारखे माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि मान हलवत होते, नाही, नाही.

"तुलापण फसवलंय त्यांनी," ते म्हणाले. "अशीच असते त्यांची पद्धत. आधी घरच्यांना घाबरवतात, मग माहिती काढतात. तुझी आई मस्त फिरत असेल तिकडे. अननस खात असेल. तू कशाला धावत आलीस?"

मी चिडले. आवाज चढवला. म्हटलं, बाबा, डॉक्टर थांबलेत, त्यांना तुमच्या व्याख्यानाचं काही पडलेलं नाही. आणि बोलता बोलता त्यांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. फाइलच्या कडेवर बोटं इतकी घट्ट होती की नखं पांढरी पडली होती. तेव्हा माझा राग उतरला. फोन खोटा असेल तर आई ठणठणीत होती. तो खरा असेल तरच ती पडली होती. हा माणूस फसवणुकीला घाबरत नव्हता. फसवणूक असू दे, अशी मनातून विनवणी करत होता.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "मग तुम्हीच खात्री करा. मी फोन लावते, स्पीकरवर. तुम्हाला जे विचारायचं ते विचारा."

त्यांनी विचारलं, "तिच्याशी लाइन आहे त्याची?"

"इस्पितळाशी आहे. तो तिला विचारून सांगेल."

मी फोन लावला. अधिकाऱ्याने लगेच उचलला. बाबा खुर्चीत ताठ बसले आणि आपल्या कल्याणी हिंदीत म्हणाले, "देखो भाई, मैं आपको एक सवाल देता हूँ. वो मेरी बायको को पूछो. घर से निकलते टाइम मैं उसको क्या बोला?"

"सर, टाइम कम है, अगर आप दवाई..."

"पहले ये पूछो."

"जी. होल्ड कीजिए," तो म्हणाला.

अबोला सुरू होता! निघताना बाबा काहीच बोलले नसणार, मग हा प्रश्न कसला? "बाबा, काय विचारताय तुम्ही हे?" फोनमधून कुठल्यातरी सरकारी सुरावटीचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आई तिथे वेदनेत पडलेली आहे आणि आपण तिची तोंडी परीक्षा घेतोय. बाबांच्या ओठांची हालचाल होत होती, ते मनात काही म्हणत असावेत. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती काही केल्या सुरू होत नव्हती.

"सर?" अधिकारी परत आला.

"हाँ, बोलो."

"सर, मैडम ने मुझसे दो बार बुलवाया है, ठीक से बोला कि नहीं ये देखने के लिए. तो मैं वैसा ही बोलता हूँ." आणि मग तो मराठीत, एकेक शब्द तोलत म्हणाला, "पायाखाली बघून चाल."

मी बाबांकडे बघितलं. म्हणजे ते बोलले होते. दारात उभं राहून बोलले होते, आणि दोघांपैकी कुणीही ते मला सांगितलं नव्हतं.

"और सर," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा हसू आलं, "मैडम ये भी कह रही हैं कि क्या करती, पेड़ ऊपर था."

बाबांनी डोळे मिटले. "तीच आहे," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "तीच आहे गं," आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, कारण आता ती खरंच पडली होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला, चष्मा लावला आणि फाइल उघडली. पण फाइलमध्ये त्यांनी फारसं बघितलं नाही. एकेक नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, कुठल्या डॉक्टरांनी कधी बदलली, सगळं सरळ सांगत गेले, आणि अधिकारी "जी सर, जी सर" म्हणत लिहून घेत गेला. रक्त पातळ करायची गोळी कुठली, ती रात्रीच्या पुडीत कुठल्या रंगाची, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं.

"सर, मैं अभी डॉक्टर को देता हूँ," अधिकारी म्हणाला. "और कुछ मैडम को बोलना है?"

बाबा फोनजवळ सरकले. "मेरे को ही बोलने दो ना उससे. होता है क्या?"

होत होतं. त्याने लाइन जोडून दिली. बाबांनी स्पीकर बंद करायचा प्रयत्न केला, जमेना, मग मी बंद करून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ते बराच वेळ नुसतं ऐकत होते, मध्येच "हं" म्हणत होते, एकदा "येतो ना, पासपोर्ट आहे माझा" असं म्हणाले.

मग त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "दुखतंय तर जास्त बोलू नकोस. झाड कसंय, तेवढं सांग."